विटांच्या घराला शोभेल असा रंग

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसू नका! माणसांतला नव्हे, छपराच्या कौलांतला. भट्टीतून बाहेर आलो तेव्हा माझा तपकिरी रंग पाहून सूर्य क्षणभर थबकला होता. खोटे वाटते? मग तेव्हा तुम्ही कुठे होता बघायला?

पुढे गिऱ्हाइकांना रंग दाखवायला म्हणून मी छपराच्या मिस्त्रीच्या पिशवीत आलो. तिथे आम्ही तिघे होतो: मी, निळा आणि राखाडी. राखाडीचे मला काही नव्हते, तो बिचारा तळाशी पडलेला असे. पण निळा! जाऊ तिथे लोक आधी त्यालाच उचलत. "काय चमकतोय!" म्हणत. माझ्या अंगाचा असा तिळपापड होई की मिस्त्रीच्या हाताला पिशवी गरम लागे.

एकदा आम्ही लाल विटांच्या एका नव्या घरी गेलो. तिथल्या वहिनींनी अकरा वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढली होती. हे त्यांचे पहिले स्वतःचे घर. कौले एकदा चढली की जन्मभर उतरत नाहीत, म्हणून त्यांचा सगळा जीव रंगात अडकला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दिव्याखाली, त्यांनी निळ्यालाच उचलले.

"हाच! जाऊबाईंचं छप्पर अस्संच आहे."

"अगं, त्यांच्या भिंती पांढऱ्या आहेत," यजमान म्हणाले.

"तुम्हाला मेलं त्यांच्याच भिंतींचं कौतुक!"

मिस्त्री हसला. "वहिनी, टोपी टेबलावर ठेवून कशी कळणार? डोक्यावर घालून बघावी लागते. चला बाहेर."

ही त्याची रीतच होती. नमुना छपराच्या कडेला ठेवायचा आणि घरच्यांना रस्त्यापलीकडे उभे करून उन्हात दाखवायचा.

मिस्त्रीने निळा वर ठेवला.

"अहो, हा तर सर्कशीचा तंबू दिसतोय," वहिनी पुटपुटल्या.

मी मनातल्या मनात नाचलो. मग माझी पाळी आली. उतारावरून घसरू नये म्हणून मिस्त्रीने माझ्याखाली राखाडीचा आधार दिला.

"हा बरा आहे," यजमान म्हणाले.

"बरा आहे, पण भिंत कुठे संपते नि छप्पर कुठे सुरू होतं तेच कळेना," म्हणत वहिनींनी बाजूला पडलेल्या निळ्याकडे पुन्हा पाहिले.

त्या एका नजरेने माझे अंग असे थरथरले की मी सरकलो, घसरलो आणि थेट फुलांच्या वाफ्यात आदळलो. कोपरा उडाला. वर राहिला एकटा राखाडी.

"मिस्त्री, थांबा! हलवू नका त्याला!" वहिनी ओरडल्या. "विटा बघा कशा उठून दिसतायत! हा कुठे लपवला होता?"

"लपवतोय कशाला? आधाराला ठेवला होता."

घरावर तोच चढला. कोपरा उडालेला नमुना मिस्त्रीच्या काय कामाचा? मी वाफ्यातच राहिलो, एका कुंडीखाली. वहिनी रोज कामावरून परतताना रस्त्यापलीकडे थांबतात, मान वर करून घर डोळे भरून पाहतात आणि मगच फाटक उघडतात. नेमकी तेव्हाच राखाडीवर कबुतरे बसली, तर मला फार बरे वाटते.

मित्रांनो, दुसऱ्याचे छप्पर पाहून आपला रंग ठरवू नका. आपल्या भिंतीला विचारा, उन्हाला विचारा. आणि ज्याला निवडले नाही, त्यालाही जपून खाली ठेवा. वाफ्यातून रोज वर बघत राहणे सोपे नसते हो.