खलाने सांगितलेली घाईची गोष्ट

मी खल बोलतोय. पावसजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात, प्रयोगशाळेच्या कपाटात, वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. चिनी मातीचा, पांढरा, मोठ्या वाटीएवढा. जोडीला बत्ता आहे, पण तो जन्माचा घुमा. म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं, आणि जे बोलायचं आहे ते काही मिरवण्यासारखं नाही.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला हे मला आठवत नाही. आठवतो तो गवताने भरलेला खोका आणि एस.टी.च्या टपावरचा प्रवास. शाळेत आलो तेव्हा सुनेत्राबाई नुकत्याच शास्त्र शिकवायला लागल्या होत्या. त्यांनी मला खोक्यातून काढलं, पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "चला, आता मुलांना काहीतरी दाखवता येईल."

त्या दिवसापासून मी जरा चढेलच झालो. कारण नववीच्या वर्गात एक धडा असा होता की त्यात माझ्यावाचून पान हलत नसे. बाई दोन परीक्षानळ्यांत सारखंच पातळ आम्ल घेत. एकीत चुनखडीचा खडा टाकत. दुसरीत तेवढीच चुनखडी, पण माझ्यात कुटून पीठ केलेली. खडा आपला एकेक बुडबुडा सोडत बसायचा. पिठाच्या नळीतून मात्र फेस भसाभसा वर येऊन टेबलावर सांडायचा. मुलं हसायची आणि मला वाटायचं, ही सगळी माझी करामत.

मग बाई फळ्यावर लिहीत. बारीक केलं की क्रिया लवकर होते. ऊन केलं की लवकर होते. आम्ल तीव्र घेतलं की लवकर होते. काही पदार्थ असे असतात की त्यांची नुसती चिमूट टाकली तरी काम झपाट्याने होतं. असे चार मुद्दे. पाचवा नव्हता.

हा धडा मुलं एकदा ऐकत आणि परीक्षेनंतर विसरून जात. तो अकरा वर्षं ऐकला तो दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या गंगारामने. गंगाराम शाळेचा शिपाई. सांडलेला फेस पुसायचं काम त्याचं. त्याला चारही मुद्दे तोंडपाठ होते, पण त्याला कधी कुणी विचारलं नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलमधली गोष्ट. गंगारामची मुलगी काशी हिचं लग्न खाडीपलीकडच्या एका घरात ठरलं होतं. मुलगा मुंबईला गिरणीत. साखरपुड्याच्या बोलणीत गंगाराम ऐटीत म्हणाला होता, "माझ्या दारच्या कलमाचा आंबा खाल्ल्याबिगर मंडळी उठायची नाय." दोनच कलमं त्याची, पण त्यांचा त्याला कोण अभिमान. तारीख धरून त्याने आंबे उतरवले आणि अढी लावली. म्हणजे बिनखिडकीच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर आंबे रचले, वर पेंढा, वर गोणपाट. दहा-बारा दिवसांत आंबा आपोआप पिवळा होतो.

आणि मुलाच्या रजेचा घोळ झाला. साखरपुडा आठ दिवस अलीकडे आला.

"आंबा आपल्या येळला पिकतो," त्याची बायको तुळसा म्हणाली. "नसला आंबा तर शिरा करू. कोन उपाशी जात नाय." शहाणी बाई. पण गंगारामचा शब्द गेला होता ना! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे सासराच उतावळा झाला.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्याने मला गोणपाटाच्या पिशवीत घातलं. बाईंना विचारलं नाही. घरी नेऊन पडवीत ठेवलं आणि एका पुडीतून करडे, दगडासारखे खडे काढले. ते वेल्डिंगवाल्याकडून आणलेलं कार्बाइड होतं, दिव्यापासून लांब ठेव असं बजावून दिलेलं. बाजारातले लोक त्याचे खडे कागदात गुंडाळून आंब्यांत ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. खड्याला आंब्याची ओल लागते, हळूहळू गॅस सुटतो, आंबा तीन-चार दिवसांत रंगतो. मलाही तेवढंच ठाऊक होतं.

पण गंगारामकडे दिवसच तीन होते, आणि अकरा वर्षांचं शिक्षण होतं. रविवारी दुपारी त्याने ते खडे माझ्यात टाकले आणि कुटायला लागला. मी काय केलं? मला तर हुरूप आला. मुलांच्या चिमूटभर चुनखडीपेक्षा हे मोठं काम, तेही घरच्या कार्यासाठी. मी मनापासून पीठ करून दिलं. एक मोठा खडा टणक निघाला, त्याने माझ्या तळाला बारीक तडा गेला. तेव्हाही मी कण्हलो नाही.

पीठ त्याने अढीत जागोजाग पसरलं. त्यावर ऊन पाणी शिंपडलं. गोणपाटं दाबून बसवली आणि दार ओढून घेतलं. बारीक केलेलं, ऊन, वर कोंडलेलं. बाईंचा विद्यार्थी कामाचा एकही मुद्दा विसरला नाही. मला दाराशी ठेवून तो हात धुवायला विहिरीवर गेला. तुळसेला त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती नको म्हणेल, म्हणून.

पाचच मिनिटांत तुळसा आली. आतल्या कणगीतले तांदूळ काढायचे होते. खोलीत भर दुपारीही काळोख, म्हणून तिच्या हातात पेटलेली चिमणी होती.

मी तिच्या पायांपासून हातभर अंतरावर होतो. आत काय कोंडलंय ते त्या घरात दोघांनाच माहीत होतं. एक विहिरीवर होता. दुसरा मी, आणि मला तोंड आहे ते फक्त कुटलेलं ओतण्यापुरतं.

तिने दार उघडलं, वास कसला येतोय बघायला गोणपाटाचं टोक उचललं, आणि भप्पकन जाळ झाला. पेंढा पेटला. शेजारच्या धोंडूने माती टाकून आग विझवली. घर वाचलं. तुळसेचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तिला रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. गावात बातमी झाली ती अशी की तुळसेच्या हातून चिमणी पडली. गंगाराम ऐकत राहिला आणि गप्प राहिला. शाळेची वस्तू न विचारता नेलेली, नोकरीची भीती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मुलाचे काका रावजी यांनी निरोप धाडला, "ऐन कार्यात आईच्या हातून दिवा पडला. मंडळींच्या मनात किंतु आहे. वाईच थांबू या." काशी त्या दिवशी जेवली नाही.

मी फळीवर परत आलो होतो. गंगारामने मला कोरड्या फडक्याने पुसून ठेवलं होतं, पाणी लावायचा धीर त्याला झाला नव्हता. तडा खाली, तड्यात करडी भुकटी. मी रोज मनाशी म्हणायचो, मी तर नुसतं कुटलं. आणि रोज ते मलाच पटायचं नाही.

सुट्टीआधी सामानाची मोजदाद असते. सुनेत्राबाईंनी एकेक वस्तू धुवायला घेतली. माझ्यात पाणी ओतलं आणि तळातून बुडबुडे आले. लसणीसारखा उग्र वास सुटला. बाईंनी मला नाकाजवळ धरलं.

"गंगाराम," त्या हळू म्हणाल्या, "यात कार्बाइड कुटलंत?"

त्याने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "बाई, तुमी शिकवलात तसाच केला सगळा."

बाईंनी मला टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "हो. लवकर कसं करायचं तेवढंच शिकवलं मी. बाहेर पडतं ते काय असतं, ते पेटतं का, हे एकदाही बोलले नाही." त्यांनी मला पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं. "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. हा बरोबर न्या, म्हणजे वाटेत विचार बदलणार नाही."

आधी आम्ही दवाखान्यात गेलो. त्याने मला तुळसेच्या खाटेवर ठेवलं आणि मान खाली घालून बोलला. ती रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अवो," ती म्हणाली, "हिरीवरसून एक हाक मारायची होती. दिवा नेऊ नको म्हनून. तेवढाच."

तिथून तरीने खाडी ओलांडून रावजींच्या ओटीवर. गंगारामने पुन्हा सगळं सांगितलं, माझा तडा दाखवला. "दिवा तिच्या हातून पडला नाय. मी तिच्या हातावर जाळ ठेवला. किंतु धरायचा तर माझा धरा, माझ्या पोरीचा नको."

रावजींनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "घाई आमच्या रजेपायी झाली," ते म्हणाले. "पोरगा शिमग्याला येईल, तेवा साखरपुडा करू. आंबे तेवा कैऱ्याच असतील. चालतील."

काशी आता दोन मुलांची आई आहे. तुळसेच्या हाताची मूठ मात्र पुरती मिटत नाही. कातडी यायला सहा महिने लागले, आणि तिथे घाई करण्याचा एकही मुद्दा कुणाला ठाऊक नव्हता. दर एप्रिलला पावसकडून पिकत्या आंब्याचा वास येतो, लोक खुशीत असतात, आणि मला कपाटात तोंड लपवावंसं वाटतं.

माझा तडा वाढत चाललाय. एखाद्या वर्षी मी दोन तुकडे होऊन पडेन. तोवर मला वापरा, पण माझ्यात काय कुटताय ते घरातल्या माणसांना आधी सांगा. मला सांगता येत नाही, हे माझं दुःख तुम्ही घेऊ नका.

धडा अजून होतो. बाई फळ्यावर चार मुद्दे लिहितात आणि मग दाराकडे वळून विचारतात, "गंगाराम, काय राहिलं?"

गंगाराम बादली खाली ठेवतो. "हाक मारायची राहिली, बाई."

काही मुलं ते पाचवा मुद्दा म्हणून वहीत उतरवून घेतात. बाई वह्या तपासतात, पण ती ओळ खोडत नाहीत.