रविवारच्या गोळ्या

झुंबरबाईच्या मते वलवणात अक्कल असलेलं एकच माणूस होतं, आणि ते रोज पहाटे तिच्याच लुगड्यात उठत असे. बाकी सगळा आनंदीआनंद. मुलगा हौशीराम लोणावळ्याच्या यार्डात सांधेवाला होता. दिवसभर आगगाड्यांना रूळ बदलून द्यायचा, पण घरात आईनं घालून दिलेल्या रुळावरून कधी बोटभर हलला नाही. याचं आईला कौतुक वाटावं, तर तिला त्याची कीवच यायची. शेजारच्या बायका तोंडाळ, गावचा भगत कोंबडीचोर, आणि सून कस्तुरा म्हणजे या सगळ्या बावळटांवरचा कळस.

कस्तुरा लग्न होऊन आली तेव्हा चवळीची शेंग होती. तिशी उलटली आणि तिचं काय बिनसलं कुणास ठाऊक. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, केस विंचरताना मूठमूठ हातात यायला लागले. भर वैशाखात घोंगडी पांघरून ती चुलीपुढं बसायची. तांदूळ पाखडता पाखडता सूप मांडीवर घेऊन तशीच झोपी जायची. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणारा निघून गेलेला असायचा. झुंबरबाईनं पहिल्याच आठवड्यात निदान करून टाकलं होतं : आळस. त्यावर तीन वर्षं ती जिभेचं औषध देत राहिली. गुण काही आला नाही, पण मात्रा तिनं कधी कमी केली नाही.

शेवटी हौशीरामनं जन्मात एकदाच आईला न विचारता एक गोष्ट केली. तो बायकोला बाजारातल्या दवाखान्यात घेऊन निघाला. झुंबरबाईही निघाली, कारण दोन बावळट एकत्र सोडायची तिची रीत नव्हती. डॉक्टर पुण्याहून नवा आलेला, मिसरूड नुकतंच जाड झालेला. त्यानं कस्तुराचा गळा चाचपला, नाडी मोजली आणि सांगितलं की गळ्यातली एक ग्रंथी आटली आहे, तिचा रस बाहेरून द्यावा लागेल. रोज एक गोळी, आणि तीही जन्मभर.

"कशाची गोळी?" बाटली देणाऱ्या कंपाउंडरला झुंबरबाईनं विचारलं. हा दस्तगीर, सुदुंबऱ्याचा, सरळ माणूस. विचारलं ते सांगायचा.

"मेंढीच्या गळ्यातली गाठ वाळवतात मावशी. तिची पूड."

झुंबरबाईनं मान डोलावली आणि बाटली सुनेच्या नव्हे, आपल्या कनवटीला लावली. घरी आल्यावर तिनं ती पडवीतल्या फळीवर ठेवली. त्या फळीवर मटणाची भांडी वेगळी पालथी घातलेली असत. मेंढी ती मेंढी, मग ती रश्श्यात असो नाहीतर बाटलीत. आणि मेंढी म्हटली की वार आलेच. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या तीन वारी त्या घरात चाळीस वर्षांत अंड्याचं टरफलसुद्धा आलं नव्हतं, तिथं सुनेच्या घशातून मेंढी जाऊ देणारी झुंबरबाई नव्हती.

पण ती काही अडाणी नव्हती. डॉक्टरनं आठवड्याला सात सांगितल्या म्हणजे सातच गेल्या पाहिजेत. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी एकेक. वारांच्या तीन राहिल्या, त्या रविवारच्या एकीबरोबर. रविवारी घरात मटण शिजायचंच, त्याच ताटाशी चार गोळ्या. देवही राजी, डॉक्टरही राजी. एवढा साधा तोडगा त्या शिकलेल्याला सुचला नाही, म्हणून तिला त्याचं हसूच आलं.

दोन महिन्यांत कस्तुराच्या तोंडावरची सूज उतरली. एकदा जात्यावर ती चक्क गुणगुणली. झुंबरबाईला बरं वाटलं नाही असं नाही, पण तीन वर्षं आळस आळस म्हणून ओरडलेलं तोंड आता कुठं लपवायचं? तिनं ते लपवलं नाही. बाटली आपल्या ताब्यात आहे म्हणूनच गुण आला, असं तिनं नळावरच्या बायकांना सांगून टाकलं.

रविवारी दुपारनंतर कस्तुराच्या छातीत धडधड व्हायची. हात कापायचे, घाम फुटायचा. "रस्सा वरपलाय वाडगाभर, हुनारच," झुंबरबाई म्हणायची, आणि विषय संपायचा.

आषाढ सरता सरता हौशीरामनं दोन महिन्यांच्या साठ गोळ्या आणल्या. डॉक्टरनं बजावलं होतं, साठ संपल्या की दाखवायला या, मी मोजून घेईन. आणि श्रावण लागला. श्रावणात मेंढी? नाव काढू नका. श्रावणामागून गणपती आले, ते अनंत चतुर्दशीला गेले. तोवर चव्वेचाळीस दिवस बाटली भरलेली आणि कस्तुरा पुन्हा घोंगडीत. "आली जातीवर," झुंबरबाई म्हणाली, जणू आपलं जुनं निदान खरं ठरल्याचा तिला दिलासाच मिळाला.

आता दिवस उरले सोळा आणि गोळ्या साठ. त्या पोरसवदा डॉक्टरनं बाटलीत गोळ्या पाहून आपल्याला शब्द ऐकवावा, हे झुंबरबाईला मरणाहून वाईट. वार सोडून ज्या दिवशी देता येतील त्या दिवशी तिनं सुनेला सहा-सहा, कधी सात गोळ्या चारल्या. कस्तुरा मुकाट्यानं गिळत गेली. शेवटच्या रविवारी बाटली रिकामी झाली आणि सोमवारी सकाळी कस्तुरा हंड्यासकट पायरीवर कोसळली.

हौशीरामनं तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि त्याचा चेहरा उतरला. नाडी दीडशेच्या घरात होती, ठोके मध्येच चुकत होते. त्यानं बाटली उलटी करून पाहिली, दिवस मोजले.

"गोळ्या तर बरोबर संपल्यात," तो हौशीरामला म्हणाला. बायकांशी बोलायची त्याचीही पद्धत नव्हती. "रोज एकच दिलीत ना?"

"आईनं दिल्यात. आई चुकायची न्हाई," हौशीराम म्हणाला. त्या बावळटाला दुसरं काय येणार होतं!

"मग हिचं हृदयच दुबळं आहे. एवढीशी मात्राही सोसत नाही. गोळी कायमची बंद करावी लागेल."

"मंग पुढं?"

"पुढं ती पहिल्यासारखी होईल. त्याहूनही वाईट. हळूहळू शुद्धही हरपते. पण माझ्याकडे दुसरा इलाज नाही." आणि तो मान खाली घालून कागदावर लिहायला लागला.

झुंबरबाई बाकावर बसून हे ऐकत होती. दस्तगीरनं कस्तुराला चहा आणला, वर एक बिस्कीट ठेवलं.

"त्ये उचल," झुंबरबाई फणकारली. "आज सोमवार. त्यात अंडं असतंय."

"रिकाम्या पोटी आहेत मावशी त्या. आजारी माणसाला वार कसला?"

"आमच्यात आजाऱ्याला बी वार असतोय. तुजी ती मेंढीची गोळी सुदिक मी कंच्या बी वारी दिली न्हाई."

दस्तगीरचा हात बशीवरच थांबला. त्यानं रिकाम्या बाटलीकडं पाहिलं, मग झुंबरबाईकडं. "मग वारांच्या गोळ्या गेल्या कुठं, मावशी?" त्यानं हळूच विचारलं.

झुंबरबाईच्या ध्यानात यायला तेवढं पुरे होतं. अक्कल तिला होतीच, फक्त ती आजवर कधी स्वतःच्या अंगावर चालवली नव्हती. चार रविवारी, मग सहा, मग सात. ती गप्प बसली असती तर दस्तगीरच्या शंकेला कोण विचारणार होतं? डॉक्टरनं हृदयावर खापर फोडलंच होतं, हौशीरामला ते पटलंही होतं. गावात तिचं नाव तसंच राहिलं असतं. समोर कस्तुराच्या हातातला कप बशीवर खडखड वाजत होता. आता ते सूप, ती घोंगडी, ते कधीच न येणारं उत्तर पुन्हा येणार होतं, आणि या वेळी त्याला आळस म्हणायची सोय नव्हती. झुंबरबाईला घाबरल्यासारखं झालं, आणि घाबरली की ती चिडत असे.

"ए डागदर!" ती ताडकन उठली. "लिव्हायचं थांबीव. काळीज दुबळं न्हाई तिचं. वार पाळून मी तिला एकदम सहा-सहा दिल्यात. सरावनात येक बी न्हाई, आनि मागनं सगळ्या. बाटली मोजतोस, मानसाला इचारायला तोंड न्हाई तुला?"

डॉक्टर पांढराफटक पडला. "आजी, मारलं असतंत तुम्ही हिला!"

अडचणीत सापडली की झुंबरबाई दुसऱ्याकडं वळे, तशी ती सुनेकडं वळली. "आनि तू गं? छाती रविवारीच उडती, तुला कळलं न्हाई?"

"कळलं हुतं, आत्याबाई," कस्तुरा म्हणाली. मीठ संपलंय असं सांगावं तितक्या साधेपणानं. "जेठातच कळलं हुतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी म्हनला असता, आली मोठी शहाणी. मंग धा दिस त्येच ऐकावं लागलं असतं." कस्तुरानं कप खाली ठेवला. "त्यापरीस मरन सोपं वाटलं."

घरी परतताना गाडीत हौशीराम दोनदा आईकडं बघून पुन्हा बैलांकडं बघायला लागला. झुंबरबाई वाटभर आपल्या तळहाताकडं पाहत होती. जिभेला बसावी अशी थप्पड तिला आजवर कुणी मारली नव्हती, आणि मारली ती या मुखदुर्बळ पोरीनं.

डॉक्टरनं दहा दिवस गोळी बंद ठेवली. नंतर नव्या बाटलीतली अर्धी गोळी, रोज, एकही दिवस न चुकता. छाती ठिकाणावर आली की मग पुढचं बघू, म्हणाला. अकराव्या दिवशी गुरुवार आला. कस्तुरा अर्धी गोळी हातात घेऊन पडवीत उभी राहिली, पण तिला तोंडाकडं नेववेना.

"आत्याबाई, आज वार हाय."

झुंबरबाई मटणाच्या फळीपाशी गेली. बाटली उचलून तिनं ती कस्तुराच्या पदराला बांधली, घट्ट, दोन गाठी मारून.

"तुजा वार आजपासनं मी धरते. माज्या उपासात तुजा बी उपास," ती म्हणाली. "तू गीळ. आनि देवानं तोंड नुसतं गिळायला दिलं न्हाई, मेले. माज्यापुढं बी उघडत जा."