वही बाहेर आहे

कल्याणचं पत्र आलं तेव्हा मच्छिंद्ररावांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. रोज चष्मा काढताना समोर दिसेल, मग उत्तर लिहायचं राहणार नाही, असा त्यांचा हिशेब. त्याला सहा वर्षं होऊन गेली. मधल्या काळात चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. डबी तीच राहिली, आणि पत्रही डबीतच राहिलं.

पत्र लांबलचक नव्हतं. "मच्छू, आपल्या चौघांत वाचणारा तू एकटा. सोबत माझी वही पाठवतो आहे. दुसरी प्रत नाही. चांगली वाटली तर सांग, नाही वाटली तर बंबात घाल. पण गप्प राहू नकोस."

आणि मच्छिंद्रराव नेमके गप्प राहिले होते.

आता ते गयासोद्दीनच्या गाडीत मागच्या सीटवर बसले होते. मांडीवर औषधांची पिशवी, पायाशी ज्वारीचं अर्धं पोतं. सव्वीस जानेवारी सोमवारी आली, लागून शनिवार-रविवार, तेव्हा परतूरहून थेट गुहागरला जाऊन कल्याणच्या दारात उभं राहायचं, ही कल्पना सर्जेरावांची. सर्जेरावांनी आयुष्यभर कापसाची आडत केली, त्यामुळे दुसऱ्याचं मन वळवणं त्यांना अवघड नव्हतं. गयासोद्दीन एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला. गाडी चालवायची म्हटलं की तो कुठंही तयार. राहिले मच्छिंद्रराव. चाळीस वर्षं गावचं वाचनालय सांभाळलेले आणि अजूनही रोज दहाला जाऊन कुलूप काढणारे. त्यांना नाही म्हणता येत नाही, हे दोघांनाही पाठ होतं.

"फोन करून जाऊ," एवढंच ते म्हणाले होते.

"फोन करायचा न्हाई," सर्जेराव म्हणाले. "सरप्राइज हाय."

शनिवारी पहाटे निघाले ते पुण्याच्या अलीकडेच आंबून गेले. सगळं पुणं सुट्टीला बाहेर पडलेलं. उंब्रजच्या एका लॉजवर तिघं एकाच खोलीत झोपले. सर्जेरावांच्या गुडघ्याला रात्रभर शेक द्यावा लागला. रविवारी सकाळी कुंभार्ली घाटात गाडी जी थांबली, ती दीड तास हललीच नाही.

"गयास, हॉर्न तर वाजव."

"कोणासाठी? समोर चारशे गाड्या हायेत, सगळ्यायला दर्या बघायचाय. आमच्या बशीला असा जाम लागला की कंडक्टर उतरून चहा पिऊन यायचा."

"मंग तू ये पिऊन."

"अन् ब्रेकवर पाय कोण ठेवील? तुझा गुडघा?"

सर्जेराव हसले, मग मान वळवून मागं बघत म्हणाले, "लायब्ररी, झोपलास का?"

"न्हाई."

"कल्याणनं तुला कसली वही पाठवल्ती का रे? मागं एकदा फोनवर बोल्ला होता मला. तिचं काय झालं?"

मच्छिंद्ररावांनी खिडकीबाहेर बघितलं. दरीत धुकं होतं. "हाय," ते म्हणाले. "वाचनालयात हाय."

"मंग कळवलंस का त्याला?"

पुढची गाडी चार हात सरकली. गयासोद्दीनने गिअर टाकला आणि तेवढ्यावर तो प्रश्न मागं पडला. निदान त्या दोघांपुरता तरी.

झालं होतं असं. वही आली त्याच दिवशी रात्री त्यांनी ती बसल्या बैठकीला वाचून काढली. कल्याण अठ्ठ्याऐंशी साली जिल्हा परिषदेचा मास्तर म्हणून कोकणात गेला. बदलीचे अर्ज करता करता तिथंच म्हातारा झाला. त्याच्या पहिल्या वर्षाची ती हकिगत होती. भात खाऊन न भरणारं पोट, बुरशी धरलेल्या चपला, गावाकडून पत्र्याच्या डब्यात नेलेलं ज्वारीचं पीठ आणि ते पुरावं म्हणून एका दिवसाआड भाकरी. मच्छिंद्ररावांना वही फार आवडली. इतकी, की आपण काय लिहिणार, असं त्यांना वाटायला लागलं. चार ओळी लिहायचे आणि फाडायचे. आपण नुसती पुस्तकं देणारे-घेणारे. चांगलं-वाईट सांगणारे आपण कोण?

म्हणून ती वही त्यांनी वाचनालयाच्या टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवली. त्याच आठवड्यात अतिक बाइंडर फाटकी पुस्तकं न्यायला आला आणि टेबलावरचा सगळा गठ्ठा उचलून घेऊन गेला. वही परत आली ती लाल कापडाच्या पुठ्ठ्यात, तिन्ही बाजूंनी कापून गुळगुळीत केलेली. बाकीच्या पानांना खाली जागा होती, ती शाबूत राहिली. सत्तेचाळिसावं पान कल्याणने अगदी काठापर्यंत लिहिलं होतं. त्याची शेवटची ओळ अतिकच्या कात्रणात गेली.

त्या पानावर आई गेल्याची बातमी होती. पत्र अकराव्या दिवशी पोचलं. जाऊन उपयोग नव्हता. "मी वर्गात गेलो, हजेरी घेतली," असं कल्याणने लिहिलं होतं. "मग मुलांना म्हणालो," आणि तिथं पान संपत होतं. पुढचं पान सुरू व्हायचं ते थेट शिमग्यापासून.

दुसरी चूक त्यांच्या स्वतःच्या हाताची. बाइंडिंगहून आलेल्या पुस्तकावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, मागं खिसा चिकटवून त्यात कार्ड ठेवायचं. चाळीस वर्षांच्या सवयीने हात चालत राहिला आणि भानावर आले तेव्हा कल्याणची वही वाचनालयाची झाली होती. कार्डसुद्धा तयार. ते ती बाजूला ठेवणार, तेवढ्यात अंगणवाडीतून रिटायर झालेल्या उषाबाई टेबलाशी आल्या, वही चाळली आणि म्हणाल्या, "हे देता का?" नाही म्हणता येत नाही असा तो माणूस. त्यांनी कार्ड काढून घेतलं, त्यावर उषाबाईंचं नाव घातलं.

आठ दिवसांनी उषाबाई वही परत द्यायला आल्या. "मच्छिंद्रभाऊ, पोरायला काय म्हणला हो त्यो?"

तेव्हापासून वही फिरत होती. पण कल्याणला काय कळवायचं? की तुझी एकुलती एक वही मी कापून आणली आणि तुला न विचारता गावाला वाचायला दिली? चांगली आहे म्हणावं तर ही कबुली आधी द्यावी लागणार. कबुली द्यावी तर चांगली आहे हे म्हणणं साखर पेरल्यासारखं दिसणार. अशी सहा वर्षं गेली. या वेळी वही बरोबर आणावी म्हटलं, तर ती मंठ्याच्या शीतलकडे होती. तिने सासूला वाचून दाखवायला नेलेली. म्हणून वहीचं कार्ड तेवढं त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातलं होतं. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

गुहागरला पोचायला दुपारचे तीन वाजले. जानेवारी असून घामाने सदरे चिकटलेले. विचारत विचारत नारळाच्या बागेतलं घर सापडलं. सर्जेरावांनी एका हाताने गुडघा धरला, दुसऱ्या हाताने कडी वाजवली आणि गळा साफ करून ठेवला.

दार कल्याणच्या बायकोने, साधनाने उघडलं. ती मूळची मंठ्याची. क्षणभर बघतच राहिली, मग पदर सावरत म्हणाली, "अगं माय. तुम्ही कवा आल्ते?"

"आत्ताच येऊन राह्यलो," सर्जेराव म्हणाले. "बोलवा मास्तरला."

"ते तर पनवेलला हायेत. लेकीकडं. मोतीबिंदू काढलाय, परवाच. महिनाभर तिकडंच हायेत." तिने तिघांकडे बघितलं. "फोन न्हाई का करायचा, भाऊजी?"

सर्जेराव ओसरीवरच्या बाकावर बसले. गयासोद्दीन त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "सरप्राइज हाय." मग ज्वारीचं पोतं उचलून आणायला गेला.

चहा झाला. साधनाने पोत्यात हात घालून ज्वारी तळहातावर घेतली, फुंकर मारली, आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. मग तिने मुलीला फोन लावून दिला. सर्जेराव मोठ्यानं बोलले, शिव्या दिल्या, घेतल्या. गयासोद्दीनने डोळ्यात कोणते थेंब घालतोस ते विचारलं, कारण तेच थेंब तोही घालत होता. मग फोन मच्छिंद्ररावांच्या हातात आला.

"मच्छू?" पलीकडून कल्याणचा आवाज. बारीक झालेला, पण तोच.

"हां."

"तूबी आलास?"

"आलो." सहा वर्षांचं सगळं त्या एका शब्दापाशी येऊन थांबलं होतं. "तब्येत?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय. तुझी?"

"बरी."

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. "तू आलास, बास झालं," कल्याण म्हणाला. वहीचं नाव त्याने काढलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं. मच्छिंद्ररावांनी फोन साधनाला दिला.

निघताना साधना त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. टेबलावर तशीच एक लांब वही होती, नवी. तिने उघडून दाखवली. तीन पानं भरलेली, बाकी कोरी.

"दुसऱ्या वर्षाचं लिवणार होते," ती म्हणाली. "म्हणायचे, आधी मच्छूचं येऊ द्या. पोस्टमन आला की उठून फाटकापर्यंत जायचे. तीन पोस्टमन बदलले." तिच्या आवाजात राग नव्हता. ते ऐकायला जास्त जड गेलं. "आता जात न्हाईत. म्हणतात, त्याला आवडली नसंल, अन् तोंडावर सांगायचा त्याचा स्वभाव न्हाई."

"आवडली," मच्छिंद्रराव म्हणाले.

"मंग त्यायला सांगा की. मला काय सांगता."

तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा तुकडा फाडून त्यावर पनवेलचा पत्ता लिहून दिला.

संध्याकाळी तिघं समुद्रावर गेले. वाळूत चालवत नव्हतं, म्हणून कठड्यावरच बसले. समोर उंटाची सवारी, घोडागाडी, भेळ, आणि शेकडो माणसं समुद्राकडे पाठ करून फोटो काढत होती.

"बघितला दर्या?" गयासोद्दीनने विचारलं.

"बघितला."

"मंग जायचं का? पाठ धरली माझी."

मच्छिंद्ररावांच्या मनात मात्र एकच घोळत होतं. त्याला आवडली नसंल. आपण गप्प राहिलो म्हणजे काहीच बोललो नाही, असं ते धरून चालले होते. तिकडे फाटकाशी मात्र त्या गप्प राहण्याचा सरळ अर्थ लावला गेला होता, आणि तोच खरा मानून एक माणूस लिहायचा थांबला होता.

सोमवारी उजाडताच ते उठले. दोघं घोरत होते. रात्री मुक्कामाला घेतलेल्या गुहागरच्या लॉजच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी गुडघ्यावर कागद घेतला. कुठल्या तरी शाळेची प्रभातफेरी रस्त्याने घोषणा देत गेली. त्यांनी पहिली ओळ लिहिली, ती त्यांना आवडली नाही, पण या वेळी फाडली नाही. दुसरा कागदच आणलेला नव्हता.

"कल्याण, तुझी वही मी कापली," त्यांनी लिहिलं. "बाइंडिंगला चुकून गेली. पान सत्तेचाळीसची शेवटची ओळ गेली, बाकी शाबूत आहे. तुला न विचारता वाचनालयात लावली, हीही चूक माझीच. नंबर चार हजार दोनशे अकरा. सोबत तिचं कार्ड पाठवतो. मागून पुढून नावं आहेत, तेवीस झाली. उषाबाईंनी दोनदा नेली. हरिओम गिरणीवाल्याने नेली, तो याआधी फक्त वर्तमानपत्र वाचायला यायचा. अफ्रीनने परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून वाचली. अतिकने ज्या वहीला कात्री लावली, ती शेवटी नाव घालून घरी नेली, आणि आणून दिली तेव्हा माझ्याशी बोलला नाही. सध्या वही मंठ्यात आहे. मला चांगलं-वाईट नीट सांगता येत नाही, तुला ठाऊक आहे. पण सगळे मला एकच विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. आई गेल्याचं कळलं त्या दिवशी तू मुलांना काय म्हणालास? ती ओळ पाठव. आणि पुढची वही पूर्ण कर, नंबर ठेवून देतो. मच्छू."

खिशातून कार्ड काढताना हात अडखळला. कार्ड नसताना पुस्तक बाहेर ठेवायचं नाही, हा नियम त्यांचाच. कार्ड गेलं की वही कोणाकडे आहे याला कागदावर पुरावा उरत नाही. त्यांनी शेवटचं नाव पुन्हा एकदा वाचलं, शीतल, मंठा, आणि कार्ड पाकिटात सरकवलं. तिकिटं त्यांच्याकडे होती. कल्याणचं पत्र आलं त्याच आठवड्यात घेतलेली, डबीत पत्राखाली ठेवलेली. चिकटेना झाली होती, म्हणून लॉजवाल्याकडून थोडा भात मागून घेतला.

सुट्टी म्हणून पोस्ट बंद होतं. बाहेर लाल पेटी होती. गयासोद्दीनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं.

"उद्याशिवाय निघायचं न्हाई ते," सर्जेराव काचेतून म्हणाले. "फोनवर सांग की, काय असंल ते. जल्दी हाय, घाट पुन्हा जाम होईल."

"फोनवर न्हाई जमत," मच्छिंद्रराव म्हणाले.

ते सावकाश उतरले. पाठ ताठ व्हायला वेळ लागला. पेटीच्या तोंडाला मिठाच्या हवेने गंज धरला होता, झडप अर्धीच उघडत होती. त्यांनी बोटाने ती वर धरली, पाकीट आत घातलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथंच ठेवला.