बाबांचं लाल विच हेझल

माझी बहीण हेस्टर खोटं बोलताना नजर चुकवत नाही, उलट तुमचीच काळजी करते. हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

आमच्या कनेक्टिकटच्या रानात विच हेझलचं झुडूप हवं तेवढं उगवतं, पण ते पिवळं, ऑक्टोबरात फुलणारं. बाबांच्या परसातलं झुडूप फेब्रुवारीत, भर बर्फात फुलायचं, आणि फूल तांब्याच्या जुन्या पातेल्यासारखं लाल. बी पडून आपोआप आलेलं ते रोप, तसं दुसरं कुणाकडे नव्हतं.

बाबा गेले आणि हेस्टरनं घर विकायला काढलं. घेणाऱ्याला झुडपाच्या जागी गॅरेज बांधायचं होतं. घर आम्हा भावंडांच्या नावावर होतं, आणि मी सही करेना. एवढं जुनं झुडूप उपटून दुसरीकडे लावलं तर जगणार नव्हतं.

"अगं नेटी, वेडे, कलम बांधून देते ना तुला!" हेस्टर म्हणाली. "अंगणात बाबांचं झाड घेऊन बस. आता तरी कर सही."

कलमाचा हात तिचाच, बाबांनी तिलाच शिकवलं होतं. तिनं माझ्यादेखत फांद्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या. मी सही केली.

दोन वर्षांनी ती कुंडी घेऊन आली. "सगळी मेली गं, एकच लागलं. ते तुला. मला काही नको." मी तिच्या गळ्यात पडून रडले. जाताना तिनं बजावलं, "रानातल्या पिवळ्याच्या खुंटावर बांधलंय. बुडाचे फुटवे काढत जा, नाहीतर खुंट वरचढ होईल आणि लाल मरून जाईल."

दर वसंतात मी गुडघे टेकून फुटवे खुडले. खताला वाळलेली पानं, उन्हाळ्यात रोज पाणी. तिसऱ्या वर्षी झुडूप फुललं. ऑक्टोबरात, आणि पिवळं.

हेस्टर येऊन बघून गेली. "राहिले ना फुटवे? तुझं लहानपणापासून असंच." पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की कापता कापता तिनं माझ्यासमोरच आमच्या भावाला, लायलला सांगितलं, "नेटीच्या हातून बाबांचं झाड गेलं. जाऊ दे, कुणी बोलू नका तिला." कुणी बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी बाबांच्या थडग्यावर जाऊन माफी मागून आले.

तरी आशा सुटत नव्हती. पुढच्या शरद ऋतूत मी बुडाची माती उकरली, म्हटलं जोडाजवळ लालचा एखादा कोंब जिवंत असेल. कलमाचा जोड लपत नाही, तिथं खोड सुजतं, सालीचा पोत बदलतो. मी मुळांपर्यंत गेले, ब्रशनं खोड धुतलं. साल वरपासून खालपर्यंत एकसारखी होती. त्या रोपाला कधी कुणी सुरी लावलीच नव्हती. रानातून उपटून आणलेलं रोप मी चार वर्षं जपत होते.

मग त्या फांद्या गेल्या कुठं? हेस्टर हिवाळ्यात मला तिच्याकडे कधी येऊ देत नसे. "बर्फात गाडी चालवू नकोस गं, मीच येते." केवढी माया वाटायची मला त्याची! त्या फेब्रुवारीत मी न कळवता गेले.

तिच्या मागच्या दारी तीन झुडपं होती. तिन्ही लाल.

ती दारात आली. मला बघून आधी म्हणाली, "अशा रस्त्यावर एकटी आलीस?"

"तीन, हेस्टर?"

"तीनच लागली. तुला झाडं जगवता येत नाहीत, नेटी. बाबासुद्धा म्हणायचे. तुझ्याकडे दिली असती तर आज एकही नसतं."

"ते रानटी चार वर्षं जगवलं मी. आणि तू सगळ्यांसमोर मला..."

"तेव्हा काहीतरी बोलावं लागलं मला." तिनं खिशातून कात्री काढली. "घे एक फांदी. कलम मीच बांधते, आता खरंच."

"फांदी नको. लायलला फोन कर. झाड माझ्या हातून गेलं नाही, एवढं सांग."

"आता इतक्या दिवसांनी कशाला उगाच? तो काय म्हणेल मला?"

"मला काही म्हणाला नाही, नुसता बघत राहिला. तुझ्याकडेही तसाच बघेल."

ती बर्फात उतरली आणि फुललेली फांदी कापली. मग दुसरी, मग तिसरी. कधी मधल्या झुडपाच्या, कधी कडेच्या, एकीहून एक चांगल्या. ओंजळभर फांद्या घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"अजून हव्यात का?" तिनं विचारलं. "हवं तर मुळासकट एक अख्खं झाड ने."

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन मला दारातून दिसत होता. त्याच्याकडे तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.