सोमवारचा तांब्या

"ओ अम्मा, प्यायला थेंब न्हाई अन् मातीला कायला पाजून राहिलाव?"

खाजा मशीनवरून ओरडला. पण गुरम्मा कुणाचं ऐकेल तर शपथ! खाणीच्या बुजलेल्या तोंडाशी तिनं तांब्या सावकाश उपडा केला. तापलेल्या मातीनं पाणी गिळून टाकलं.

इस्लापूरजवळची ही निजामाच्या वेळची खाण बंद पडून जमाना झाला होता. आता बॅटरीला लागणारं कसलंसं खनिज खाली किती उरलंय, ते बघायला सरकारनं ड्रिलिंगचं मशीन धाडलं होतं. गावात नव्या जिल्ह्याच्या गप्पा रंगायच्या. जिल्हा यायचा तेव्हा येईल, दुष्काळ मात्र आधीच मांडी ठोकून बसला होता. मशीन चालवणारा खाजा बिलोलीचा. आवाज मोठा, पण काळीज अगदीच मऊ. तो खाली उतरून म्हातारीजवळ बसला.

"कुणासाठी हो अम्मा?"

"माज्या मालकासाठी. खाणीत कामाला हुते, खाण ढासळली अन् हितंच दबले. दोन दिस आतून हाका येत हुत्या, पाणी द्या, पाणी द्या. उकरून उकरून लोकांची बोटं फुटली. मग आवाज बंद झाला." गुरम्मानं तोंडावरून पदर फिरवला. "आमा लिंगायतात समाधी बांधत्यात. मी काय बांधू? दर सोमवारी तांब्या आणते. त्योबी खाली पोचत न्हाई बाबा, मधीच माती पिते. दिसतंय की मला."

खाजाच्या लोकांतही मातीच देतात. कबरीवाचून माणूस गेला की मागच्यांचं काय होतं, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. रात्रीच्या भाकरीवरही त्याचं मन लागलं नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी ड्रिलिंगचा दांडा एकाएकी हातभर खाली गेला. भोकात सोडलेलं पाणी दगडाचा चुरा घेऊन वर यायचं, ते यायचंच थांबलं. खाली जुनी खाण पोकळ होती.

"अर्धा टँकर गेला की हो!" भूगर्भवाल्या मॅडमनी कपाळावर हात मारला. "दांडे काढा आणि सिमेंटनं बंद करा हे भोक."

"करतो मॅडम. पण अम्माला येऊ द्या. आज सोमवार हाय." खाजानं म्हातारीची सगळी हकिकत सांगितली. मॅडम वाट बघत पळसाखाली जाऊन बसल्या.

गुरम्मा आली. गावचा टँकर चुकला होता, तांब्या अर्धाच होता. खाजानं तिला दंडाला धरून भोकापाशी बसवलं.

"हितून वता अम्मा. सरळ खाली जातंय."

"खरंच पोचंल?"

"आमचा अर्धा टँकर पिऊन बसलेत मालक तुमचे!"

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली, हसता हसता रडायला लागली. मग हात घट्ट करून तिनं तांब्या ओतला. थेंबही बाहेर सांडू दिला नाही. दोघांनी कान लावले. लई खोल, दगडावर पाणी पडल्याचा आवाज आला.

"पोचलं गं बाई," ती म्हणाली. "बुजवा आता."

बंद केलेल्या भोकावर सिमेंटचा ठोकळा करून नंबर घालायची ड्रिलिंगवाल्यांची रीत. खाजानं या वेळी ठोकळा चांगला रुंद केला, थापीनं गुळगुळीत केला, नंबर घातला. मग खिळा हातात धरून तो थांबला.

"अम्मा, मालकांचं नाव काय?"

लग्न झाल्यापासून गुरम्मानं ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिनं पदर कपाळावर पुढं ओढला, ओल्या सिमेंटकडं बघितलं.

"वीरण्णा," ती म्हणाली.