साक्षीदाराची सही

रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात पहिली पाळी सुटली, तेव्हा वॉचमननं गंगारामला हाक मारली.

"अरे वेल्डर, तुला भेटायला बाई आलीय. तळोज्याहून. आबिदा नाव सांगते."

 गंगारामनं त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं, पण नाव शेकडो वेळा ऐकलं होतं. कतारला एकाच खोलीत राहणारा फजल जेवायला बसला की बायकोच्या आठवणीनं म्हणायचा, "आमच्या आबिदानं हा भात कोंबड्यांनाही घातला नसता."

"आज आलाच नाय म्हणून सांग," असं वॉचमनला म्हणून गंगाराम मागच्या पडक्या भिंतीवरून उतरला आणि घणसोलीच्या वाटेला लागला. चालताना दोनदा मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

गंगाराम मूळचा परभणीकडचा. एकोणऐंशी साली रावसाहेब नावाच्या एजंटानं त्याला कतारला पाठवलं. विमानतळाबाहेर पाऊल पडलं न पडलं तोच कंपनीच्या माणसानं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि कपाटात टाकले. पुढच्याच महिन्यात एका मल्याळी फिटरनं आठवड्याची सुट्टी मागितली. त्याला लांब वाळवंटातल्या कामावर धाडलं, आणि पासपोर्ट मागायला गेला तर सांगितलं, हरवला. बिनकागदाचा म्हणून पोलिसांनी धरलं त्याला. तेव्हापासून गंगारामनं फोरमनपुढं मान वर केली नाही.

तिथं एक नियम मात्र चांगला होता. तेलाच्या रिकाम्या टाकीत उतरायचं, तर आधी सेफ्टीचा माणूस यंत्रानं हवा तपासणार आणि टाकीच्या तोंडाशी हिरवं कार्ड लावणार. कार्ड नाही, तर कुणी आत जायचं नाही.

एक्याऐंशीच्या मार्चमध्ये सेफ्टीचा माणूस रजेवर होता आणि काम मागं पडलं होतं. फोरमननं फजलला आत जायला सांगितलं. गंगाराम टाकीच्या तोंडाशी पहाऱ्याला होता. फजलनं त्याच्याकडं बघितलं. "कार्ड नाय लावलं रे."

गंगारामला ते दिसत होतं. त्यानं फोरमनकडं बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडं.

फजल उतरला. आतून आवाज आला, "सडक्या अंड्यांसारखा वास येतोय." थोड्या वेळानं म्हणाला, "गेला वास." त्यानंतर आवाज आला नाही. टाकीतला विषारी गॅस असाच असतो. आधी नाक मारतो, मग माणूस. हे गंगारामला नंतर कळलं. दोरीनं ओढून वर काढलं तेव्हा फजलचे ओठ निळे पडले होते.

तिसऱ्या दिवशी फोरमननं टाइप केलेला कागद पुढं केला. अरबी आणि इंग्रजी. 'मयत स्वतःच्या मर्जीनं, कुणाला न विचारता आत गेला.' खाली साक्षीदाराची जागा. फोरमनच्या दुसऱ्या हातात गंगारामचा पासपोर्ट होता. गंगारामनं सही केली. आठवड्यात तो मुंबईच्या विमानात होता.

ह्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. आता रावसाहेबानं पुन्हा बोलावलं होतं, यावेळी दुबईला. महिन्याभरात व्हिसा येणार होता. आणि नेमकी आताच ही बाई.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला, तर उंबऱ्याबाहेर अनोळखी चपला. आत त्याची बायको केशरबाई चहा गाळत होती आणि वॉचमनकडून पत्ता काढून आलेली आबिदा सतरंजीवर बसली होती. पळायला मागं दार नव्हतं.

"भाऊ, मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. पिशवीतून एक झेरॉक्स काढून तिनं पुढं ठेवली. "कंपनी म्हणते, चूक आमच्या ह्यांचीच, म्हणून भरपाई देणार नाही. मुंबईच्या ऑफिसात दोन वर्षं खेपा घातल्या, तेव्हा कुठं हा कागद मिळाला. ही सही तुमची?"

"नाय," गंगाराम म्हणाला. "दुसरा कोणी गंगाराम असंल."

केशरबाईनं पदराला हात पुसले आणि वाकून बघितलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, सही मात्र मराठीत होती.

"तुमचीच हाय की," ती म्हणाली. "ग ला अशी शेपटी दुसरं कोन काढतंय?"

गंगाराम मटकन खाली बसला.  मग त्यानं सगळं सांगितलं. कार्डाचं, बुटांचं, वासाचं.  शेवटी आबिदानं एवढंच विचारलं, "लिहून द्याल?"

"दोन दिस द्या."

पण बातमीला पाय असतात. दुसऱ्याच दिवशी रावसाहेबाची स्कूटर दारात. तो आत आला नाही, गाडीवर बसूनच बोलला.

"लिहून दे हां, जरूर दे. म्हणजे पहिली साक्ष खोटी होती हे तूच कबूल करणार. मग आत कोण जाईल? फोरमन? दुबईचं तर विसरच. आणि माझी माणसं रबाळ्यातही आहेत, म्हाप्यातही."

 दोन दिवस कारखान्यात खाकी दिसली की गंगाराम वेल्डिंगचा दांडा टाकून पिंपांमागं जायचा. तो पोलीस नसे, पोस्टमन असे. तिसऱ्या दिवशी सकाळी केशरबाईनं इस्त्रीचा शर्ट त्याच्यापुढं टाकला.

"पनवेलची एश्टी नवाला हाय."

"मला जेलात घातलं तर?"

"तर मी त्या बाईकडं जाईन. तिला म्हाइत हाय एकटीनं कसं ऱ्हायचं ते."

पनवेलच्या कोर्टात वकिलानं लिहिलेला मजकूर त्याला दोनदा वाचून दाखवला. सही करताना गंगारामनं इतकी घाई केली की ग ची शेपटी भलतीकडंच गेली. वकील म्हणाला, "चालेल."

दुबईचा व्हिसा आला नाही. रावसाहेबाची माणसं एकदा चाळीपर्यंत आली, शिव्या देऊन गेली. पोलीस आले नाहीत, तरी गंगाराम वर्षभर त्यांची वाट बघत होता. 

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर आबिदा आली. कंपनीनं चूक कबूल केली नव्हती, पण कतारच्या कोर्टानं भरपाई द्यायला लावली होती.

"अम्मीनं बोलावलंय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तो तळोज्याला गेला. फजलची आई शमीम खाटेवर बसली होती. तिनं त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.  आबिदानं भाताचं ताट वाढलं. गंगाराम घाबरत घाबरत बसला, आणि पानातलं सगळं संपेपर्यंत जेवला.