पेपर झाल्यावर सांगू

राणे मंडळींच्या घरात मार्च-एप्रिलमध्ये कुणी मरत नसे. म्हणजे मरत असत, पण घरातल्या परीक्षार्थींना ते मे महिन्यात कळे. उल्हासची आजी त्याच्या बारावीच्या फिजिक्सच्या आदल्या दिवशी गेली. त्याला शेवटचा पेपर झाल्यावर, आधी उसाचा रस पाजून, मग सांगण्यात आलं. पोर पेपरात ढेपाळू नये, एवढाच हेतू. यात काही क्रूर आहे असं त्या घरात कुणाला वाटलं नव्हतं. उल्हासलाही नाही. फिजिक्समध्ये त्याला चांगले मार्क पडले होते.

त्यामुळे उल्हासचे वडील, आबा, गेले तेव्हा कणकवलीहून थोरल्या भावाने, समाधानने, फोनवर रडून झाल्यावर पहिलं विचारलं ते हेच. "सान्वीची परीक्षा चालू आसा मां?"

चालू होती. आबांनी मे महिना निवडला, तो भारतीय परीक्षांच्या हिशेबाने अगदी सोयीचा होता. पण उल्हासची मुलगी सान्वी दुबईत जन्मलेली, अमेरिकन शाळेत बारावीला, आणि तिचे एपीचे पेपर मे महिन्यातच असतात. शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीची परीक्षा द्यायची. स्कोअर चांगला आला की अमेरिकेतलं कॉलेज त्या विषयाचं क्रेडिट देतं, तो विषय तिथे पुन्हा शिकावा लागत नाही. असे पुरेसे विषय जमले की चार वर्षांतलं एक वर्षच वाचतं. मार्क पाचापैकी. गेल्या वर्षी उल्हासच्या बायकोने, विनिताने, फॅमिली ग्रुपवर 'सान्वीला पाच मिळाले' असं टाकलं, तेव्हा बऱ्याच नातेवाइकांनी धीर दिला आणि एका मावशीने फेरपरीक्षेची चौकशी केली. फक्त आबांची व्हॉइस नोट आली होती, "कितीपैकी गो?"

"पेपर झाल्यावर सांगू," उल्हास समाधानला म्हणाला.

अग्नी समाधानने दिला. उल्हासने तो शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आपल्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीचा एसी चालू ठेवून, फोनवर पाहिला. नेटवर्क चांगलं होतं. मग आत जाऊन त्याने पाइपांच्या कोटिंगची तपासणी पुरी केली. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बातमी मराठी मंडळात गेली असती, आणि मंडळातून कुठलीही बातमी दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी उल्हासच्या आधी पोचते.

घरी सुतक पाळायचं, पण दिसू द्यायचं नाही, असं ठरलं. विनिताने देवापुढचा दिवा बंद केला. "तेल संपलंय," ती सान्वीला म्हणाली. खाली सुपरमार्केट होतं.

अडचण एकच होती. प्रत्येक पेपरच्या आदल्या दिवशी सान्वी आबांना व्हॉइस नोट पाठवायची आणि आबांचं उत्तर आल्याशिवाय तिचा पेपर सुरू होत नसे. आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कणकवली स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारून पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता, की ते चहा मागायचे तेव्हाही फलाट दोनवर लागल्यासारखा वाटायचा. हाच आवाज उल्हासला जसाच्या तसा मिळाला होता. तरुणपणी घरच्या फोनवर लोक त्याला आबा समजून बरंच काही सांगून मोकळे व्हायचे.

स्टॅटिस्टिक्सच्या आदल्या दिवशी उल्हासने गाडीत बसून मेसेज रेकॉर्ड केला. मालवणी त्याच्या तोंडून सहज येईना. आठवून आठवून आणावी लागली. "काय गो चेडवा, बरां आसस मां? भिया नको. सगळां बरां होतलां." तो त्याने पुतण्याला, विघ्नेशला पाठवला. विघ्नेशने एका फोनवर वाजवून आबांच्या फोनवर रेकॉर्ड करून सान्वीला पाठवला. मधेच कोंबडा आरवला, त्यामुळे काम आणखीच चोख झालं.

"आबा आज मस्त मूडमध्ये होता," सान्वी जेवताना म्हणाली. विनिताने भाताचं भांडं उचलून आत नेलं. भात अजून कुणी घेतलेला नव्हता.

शेवटचा पेपर कॅल्क्युलसचा. सगळ्यात जास्त क्रेडिट त्याचंच. आदल्या दिवशी दुपारी विघ्नेशचा मेसेज आला. 'काका, ह्या ऐका. आता काय पाठवू?' खाली सान्वीचा आवाज होता.

"आबा, सीक्रेट हां. बाबाला सांगू नकोस. उद्या मला पाच आले ना, तर कॉलेजचं एक वर्ष वाचतं. बाबाला वाटतं म्हणजे मी लवकर नोकरीला लागणार. पण ते वर्ष मी तुझ्याकडे येणारे. आधीच. कॉलेजला विचारलं, वर्षभराने आले तर चालेल का. दे सेड येस. उशिरा जाऊनसुद्धा सगळ्यांबरोबर पास होईन, सो नो लॉस. तू मला नीट मालवणी शिकव. इथे कोणालाच येत नाही, बाबा तर विसरूनच गेलाय. येऊ ना? उत्तर दे हां, मग मी अभ्यासाला बसते."

उल्हासने ते ऐकलं. मग सवयीने रेकॉर्डचं बटण दाबलं. "ये गो बाय. वाट बघतंय," तो म्हणाला. तपासायला म्हणून वाजवलं. गाडीत आबा बोलले. इतके दिवस आठवून आठवून आणावी लागलेली मालवणी आज आपणहून आली होती.

त्याने मेसेज पुसला आणि गाडी सुरू केली. शिफ्ट संपायला वेळ होता, हे शारजा मागे पडल्यावर त्याच्या लक्षात आलं.

सान्वी डायनिंग टेबलावर कागद पसरून बसली होती. विनिताने दार उघडलं, त्याचं तोंड पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अरे, उद्यापर्यंत तरी थांब."

"सान्वी," तो म्हणाला, "आबा गेले."

"कुठे?"

मराठीची ही अडचण त्याच्या आधी ध्यानात आली नव्हती. दुसरं क्रियापद वापरावं लागलं.

तिने पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. "कधी?"

"गेल्या आठवड्यात. मंगळवारी."

"नो. गुरुवारी त्याने मला मेसेज केला."

"तो मी केला."

"कोंबड्यावाला?"

"कोंबडा तिकडचा होता."

"सोन्या, तुझ्यासाठीच रे," विनिता म्हणाली. "एवढी मेहनत केलीस..."

"वेट." सान्वीने हात वर केला. "बाबा, तू गेला नाहीस? त्याला... शेवटचं?"

"गेलो असतो तर तुला कळलं असतं. पेपर..."

"डोन्ट. बाबा, डोन्ट. हे माझ्यावर टाकू नकोस. तू तुझ्या बाबांना बघायला गेला नाहीस, याचं क्रेडिट मला नको." तिने कागद ढकलले. "माझा मेसेज ऐकलास?"

"हो."

"तो तुला नव्हता."

"माहीत आहे."

"मग? काय म्हणाला असता तो?"

उल्हासला उत्तर ठाऊक होतं. पण तोंड उघडलं तर आवाज कुणाचा निघेल याची त्याला खात्री नव्हती. त्याने नुसती मान हलवली, होकारार्थी. तिला ते कळलं. तेव्हा ती रडली. मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. विनिता तिच्या शेजारी जाऊन बसली, पण सान्वीने तिला हात लावू दिला नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "अजून काही असतं ना? नंतरचं?"

"उद्या दहावं. नदीवर."

"तू तिथे पाहिजेस ना?"

"पाहिजे."

"संध्याकाळी गोव्याची फ्लाइट असते. तिघांची काढ."

"वर्ष जाईल गो," विनिता पुटपुटली.

"जाऊ दे. शाळेत फोन कर, बाबा. आत्ता."

परीक्षा बघणाऱ्या फिझा मॅडमना त्याने स्पीकरवर फोन लावला. सान्वी उद्या पेपरला येणार नाही, म्हणाला.

"सर, ये तो सबसे बडा पेपर है," मॅडम म्हणाल्या. "रीझन लिखना पडेगा."

इतक्या दिवसांत ते वाक्य उल्हासने घराबाहेर कुणापाशी उच्चारलं नव्हतं. आता त्याला ते हिंदीत बोलावं लागलं, आणि ते त्याच्या स्वतःच्या आवाजात, चिरकं होऊन बाहेर आलं. "मेरे पिताजी नहीं रहे."

पलीकडे फिझा मॅडमनी काहीतरी अरबीत म्हटलं, प्रार्थनेसारखं. मग म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी, सर. लेट डेट के लिए मैं पूछूंगी, प्रॉमिस नहीं करती. कब हुआ?"

उल्हासने सान्वीकडे पाहिलं. तारीख त्याला पाठ होती.

सान्वी फोनवर वाकली. "आज, मॅम," ती म्हणाली, आणि बॅग भरायला आत गेली.